कोठाराभोवतीचं वर्तुळ

अकरावीला ज्वलनाचा धडा सुरू करताना मी फळ्यावर दर वर्षी एकच प्रश्न लिहायचो. एक किलो खोबरेल तेल आणि एक किलो टीएनटी, जास्त ऊर्जा कशात? झाडून सगळे हात टीएनटीसाठी वर जायचे. मग मी घरून आणलेली खाण्याच्या खोबरेलाची बाटली पहिल्या बाकावर ठेवायचो आणि मागचं लेबल मोठ्यानं वाचायला लावायचो. १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी. म्हणजे किलोला ९०००. टीएनटीची ऊर्जा किलोला १००० किलोकॅलरी धरतात. देवघरातल्या समईत रात्रभर जळणाऱ्या तेलात टीएनटीच्या नऊपट ऊर्जा आहे, हे पोरांच्या गळी उतरायला वेळ लागायचा. आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारायचं ज्याची मी वाट पाहत असायचो : "मग सर, समई फुटत का नाही?"

समईतल्या तेलाला जळण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो. वातीच्या टोकाशी जेवढं तेल पोचलं, त्याची वाफ झाली आणि तिची हवेशी गाठ पडली, तेवढंच जळतं. बाकीचं तेल खाली आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतं. टीएनटीच्या रेणूत ही वाट पाहणंच नाही. जळणारा कार्बन आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी शेजारी राहतात. ऑक्सिजन नायट्रोजनच्या हाती धरून ठेवलेला असतो. पुरेसा जोराचा धक्का बसला की ती पकड सुटते, नायट्रोजनचे अणू आपापसात जोड्या जमवतात, आणि ती जोडी निसर्गातल्या सगळ्यात घट्ट बंधांपैकी एकानं बांधली जाते. या उलथापालथीत घन पदार्थाचा क्षणात तापलेला वायू होतो. टीएनटीमध्ये ही लाट सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगानं पुढे सरकते. त्या वेगानं निघालेला माणूस पणजीहून मडगावला पाच सेकंदांत पोचेल. ऊर्जा थोडी आहे, पण सगळी एकदम बाहेर पडते.

जत्रेतल्या दारूकामाची काळी दारू वेगळ्या जातीची. सोरा, गंधक आणि कोळसा, तीन वेगळ्या पुडी एकत्र केलेल्या. पोर्तुगीज जुन्या गोव्याजवळ पणेलीला हीच बनवत. ती भराभर जळते, पण ध्वनीच्या वेगापेक्षा हळू. कागदात किंवा नळीत आवळून कोंडली की मगच तिचा बार होतो. खाणीतली जिलेटिनची कांडी मात्र मोकळ्या हवेतही फुटते, कारण तिच्यात पेटण्याची लाट धक्क्याची लाट झालेली असते. हा फरक माझ्या मते प्रत्येक पंचाला, प्रत्येक देवस्थान समितीला आणि प्रत्येक मामलेदाराला ठाऊक असला पाहिजे. आपल्याकडे 'स्फोटक' या एका शब्दात फुलबाजीपासून दारूगोळ्यापर्यंत सगळं येतं, आणि त्यामुळे भीती तरी सरसकट वाटते किंवा बेफिकिरी तरी सरसकट.

भीतीनं काही साधत नाही, म्हणून आईची गोष्ट सांगतो. शेवटची काही वर्षं तिच्या उशाशी एक छोटी बाटली असायची. छातीत कळ आली की जिभेखाली अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. त्या गोळीतलं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरिन. तुरीनमध्ये आस्कानियो सोब्रेरोनं १८४७ साली ते पहिल्यांदा तयार केलं, आणि १८६४ साली स्टॉकहोमला नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात त्याच द्रवानं आल्फ्रेडच्या धाकट्या भावाचा, एमिलचा, जीव घेतला. रेणू तोच. एका ठिकाणी कणभर, गोळीच्या भुकटीत विरलेला, आणि दुसऱ्या ठिकाणी ढिगानं साठलेला. आपल्याला कोकण रेल्वे मिळाली ती सह्याद्रीच्या कातळात सुरुंग उडवून. रस्त्याची खडी, पुलांचे खांब, घराचा पाया, सगळ्यामागे कुठेतरी काळ्या दगडाच्या खाणीत उडवलेला बार आहे. स्फोटकं नकोतच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्फोटकांच्या कोठाराभोवती सुरक्षित अंतराचं जे वर्तुळ कायदा मानतो, ते परवान्याच्या फायलीत न ठेवता गावाच्या नकाशावर आणलं पाहिजे, आणि त्या वर्तुळात आणि त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला आत कोणत्या जातीचा माल आहे आणि जास्तीत जास्त किती ठेवायची परवानगी आहे, हे सांगणं सक्तीचं असलं पाहिजे.

सुरक्षित अंतर ही काही कारकुनी गोष्ट नव्हे. स्फोटाचा दाब सगळ्या दिशांना पसरतो, म्हणून अंतर वाढतं तसा तो झपाट्यानं ओसरतो. त्याचं गणित असं की साठा आठपट केला तर तेवढीच हानी दुप्पट अंतरावर होते. हे गणित भल्याबुऱ्या दोन्ही अर्थांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. थोडंसं जास्तीचं अंतर फार मोठं संरक्षण देतं, आणि थोडंसं गमावलेलं अंतर फार मोठं संरक्षण काढून घेतं. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली २००८ मध्ये जे नियम झाले, त्यांत एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला मीटर असे तक्ते आहेत. घर किती लांब, रस्ता किती लांब, दुसरं कोठार किती लांब. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपूरला आहे. तक्ते चांगलेच आहेत. अडचण पुढे सुरू होते.

परवाना मिळतो त्या दिवशी कोठाराभोवती काजूची भाटं असतात, माळ असतो. दहा वर्षांनी तिथे प्लॉट पडलेले असतात. कोठार जागचं हललेलं नसतं, गाव त्याच्याकडे सरकलेलं असतं. ३७०२ चौरस किलोमीटरच्या आपल्या गोव्यात जमिनीला जो भाव आला आहे तो पाहता हे होणारच, आणि नगरनियोजन कायद्यातल्या कलम ३९अ सारख्या वाटांनी एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलता येऊ लागल्यापासून ते जास्त सहज होऊ शकतं. झोन बदलाच्या अर्जावर विचार करणाऱ्या माणसासमोर स्फोटकांच्या परवान्याचा नकाशा असायला हवा. नाहीतर एक खातं अंतर राखायला सांगतं आणि दुसरं खातं तेच अंतर प्लॉट पाडून विकू देतं. घर घेणाऱ्या कुटुंबाला यातलं काहीच माहीत नसतं. त्यांनी गच्चीवरून दिसणारी हिरवाई पाहून पैसे भरलेले असतात.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर काळ्या दगडाच्या एका खाणीपासून फार दूर नाही. गावाचं नाव लिहीत नाही. दुपारी भोंगा होतो, मग बार, मग तिच्या फडताळातल्या पितळेच्या भांड्यांचा किणकिणाट. हॉलच्या भिंतीला एक तडा आहे. तो जिथे संपतो तिथे ताई पेन्सिलीनं छोटी आडवी रेघ मारते आणि बाजूला तारीख लिहिते. गेल्या खेपेला गेलो तेव्हा एकावर एक अशा सात रेघा मोजल्या. सगळ्यात खालची सहा वर्षांपूर्वीची. प्रत्येक तडा सुरुंगानंच गेला असं मी म्हणणार नाही, चिऱ्याच्या जुन्या भिंती पावसाळ्यात बसतातही. पण तिचा प्रश्न तड्याचा नव्हताच. तिला एवढंच हवं होतं की रात्री त्या कांड्या कुठे ठेवतात आणि किती ठेवतात. पंचायतीत सांगितलं, आमच्याकडे ते कागद नसतात, वर विचारा. वर विचारलं तर तिथे सांगितलं, परवाना केंद्राचा, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं तर सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. ताईचं वय एकाहत्तर आहे. ते पत्र तिनं देवघरातल्या पोथीत घालून ठेवलं आहे.

जगात झालेले मोठे स्फोट मी वर्षानुवर्षं वाचत आलो, आणि त्यांत रसायनाइतकीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. जवळ जे होते त्यांना आत काय आहे ते माहीत नव्हतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन या बोटीवर कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकाच बोटीत होती. धोक्याचा लाल बावटा बोटीवर लावलेला नव्हता. युद्धाच्या दिवसांत बऱ्याच बोटी असा माल आणत. दुपारी कापूस धुमसू लागला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आज १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. १९४७ मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट भरलेल्या बोटीतून नारिंगी धूर निघत होता, आणि तो रंग पाहायला धक्क्यावर गर्दी जमली होती. गावच्या अग्निशमन पथकातल्या २८ जणांपैकी २७ गेले. २०१५ मध्ये चीनमधल्या त्यानजिनला १७३ माणसं मेली, त्यांत सगळ्यात जास्त अग्निशमनवाले. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात आग विझवायला दहा जणांची तुकडी पाठवली, त्यात एक तरुण परिचारिका होती. गोदामात २७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बंदरातल्या अधिकाऱ्यांना ते सहा वर्षं माहीत होतं.

अमोनियम नायट्रेटविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. खतासारखे पांढरे दाणे. मूठभर हातात घ्या, काही होत नाही. एरवी त्याचा सहसा स्फोट होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. १९२१ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात ओल धरून दगडासारखा झालेला अशा मिश्र खताचा ढीग सुरुंग लावून सैल करत. हजारो वेळा केलं होतं, काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबरच्या सकाळी झालं, आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. ढीग मोठा झाला, आग लागली, कोंडलं गेलं, तेलकट किंवा इतर घाण त्यात मिसळली, की त्याच निरुपद्रवी दाण्यांचा स्वभाव बदलतो. म्हणून किती साठा आहे आणि शेजारी काय ठेवलं आहे, हे दोन प्रश्न त्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे. भारतात २०१२ पासून त्याला स्वतंत्र नियम आहेत, आणि बैरूतनंतर २०२१ मध्ये ते आणखी कडक केले.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर दोना पावलाकडे पाहा. २०१९ च्या ऑक्टोबरात नू शी नलिनी नावाची बोट नांगर तुटून राजभवनाखालच्या खडकांवर येऊन अडकली. तिच्यावर खलाशी नव्हते. पोटात दोन हजार टनांहून जास्त नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं चटकन पेटणारं तेल, होतं. आदल्या वर्षी कोचीजवळ तिच्यावर आग लागून गेली होती. मालकाविना पडून राहिलेली बोट आणि तिच्यातला धोकादायक माल, बैरूतची गोष्टही अशाच एका बोटीपासून सुरू झाली होती. आपला नॅफ्था सुखरूप काढला गेला. पणजीतल्या किती जणांना ती बोट अडकण्याआधी तिथे उभी असल्याचं ठाऊक होतं? २०१८ च्या जानेवारीत चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोक पहाटे डोळे चोळत घराबाहेर पडले. अमोनिया हे स्फोटक नव्हे, त्याचा धोका वेगळा, पण वाऱ्याच्या कोणत्या बाजूला पळायचं हे त्या पहाटे घरातल्या माणसाला आधीच माहीत असायला हवं होतं. आणि २०२४ मध्ये नाकेरी-बेतूलच्या पठारावर दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, याचं श्रेय मी अंतराला देतो. ते अंतर पुढच्या वीस वर्षांत तसंच राहील याची हमी आज कोण देतं?

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेचा. माहिती उघड केली तर चोर आणि घातपाती तिचा फायदा घेतील. हा आक्षेप खोटा नाही, आणि मी तो झटकून टाकत नाही. पण कुलूप कुठलं आहे, पहारा कधी बदलतो, आज साठा किती आहे, गाडी कोणत्या दिवशी येते, हे कुणी मागतच नाही. मागतो आहोत त्या तीन गोष्टी. मालाची जात, परवान्यातली कमाल मर्यादा आणि वर्तुळाची त्रिज्या. कोठार कुठे आहे ते गावात गुरं चारणाऱ्यालाही माहीत असतं, बाहेर धोक्याची पाटी असते. वाईट हेतूच्या माणसाला या तीन गोष्टींतून नवीन काही मिळत नाही. ताईला मात्र मिळतं. मुलाचं घर कुठे बांधायचं ते तिला ठरवता येतं, भोंगा अवेळी वाजला तर कुठे जायचं ते कळतं.

आणि ही मागणी कायद्याला परकी नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात कलम ४१ब आलं. धोकादायक कारखान्यानं कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या लोकांना धोक्याची माहिती द्यायची. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना आधी माहिती देण्याचा वेगळा नियम आहे. पण हा भार मुख्यतः मोठ्या साठ्यांवर पडतो. लहान कोठारं त्या जाळ्यातून निसटतात, आणि गोव्यात वस्तीला खेटून असणारी कोठारं लहानच असणार. रसायनाच्या दृष्टीनं पन्नास मीटरवरच्या थोड्या कांड्या दोन किलोमीटरवरच्या मोठ्या गोदामापेक्षा जास्त धोक्याच्या असू शकतात. मर्यादा वजनावर ठरवली आणि अंतर विसरलं, ही त्या रचनेतली चूक आहे.

दुसरा आक्षेप घबराटीचा. लोकांना सांगितलं की आंदोलनं होतात, उद्योग पळतात, मग पोरांना नोकऱ्या कुठून? गोव्यात हे बोलताना केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प आठवल्याशिवाय राहत नाही. १९९५ च्या जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. त्या काळी मी फोंडा तालुक्यात शिकवत होतो. गावोगावच्या सभांत लोक माझ्यासारख्या शिक्षकांना रसायनांची नावं लिहून आणून देत आणि विचारत, याचं काय होतं, सांगा. झेरॉक्स काढलेले, नावं अर्धवट छापलेले कागद. त्या कागदांची भाषा समजावून सांगायला प्रकल्पाकडून किंवा सरकारकडून कुणी आधी आलं असतं तर विरोध मावळला असता असा दावा मी करत नाही. पण जे लोक स्वतःहून माहिती शोधत होते त्यांना घाबरट म्हणणं अन्याय होता, आणि आजही आहे. माणूस अंधारात जास्त घाबरतो.

आपल्या स्वतःच्या वागण्याविषयीही बोललं पाहिजे, नाहीतर सगळं बोट सरकारकडेच राहील. जत्रा आणि फेस्तं दारूकामाशिवाय आपल्याला अपुरी वाटतात. मलाही आवडतं, पालखी देवळाबाहेर आली की गर्नालांचा बार अंगावर काटा आणतो. पण तिथेही वर्तुळ असतं, फक्त ते कुणी आखत नाही. केरळमधल्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ ला एक भरकटलेली ठिणगी दारूच्या काँक्रीटच्या कोठीत शिरली आणि शंभराहून जास्त भाविक गेले. प्रशासनानं आतषबाजीला परवानगी नाकारली होती. २०२५ च्या डिसेंबरात आपल्याच हडफड्यातल्या नाइट क्लबमध्ये २५ जीव गेले, बहुतेक तिथे पोटासाठी राबणारे. आधी सिलिंडर फुटल्याचं बोललं गेलं, मग आतच उडवलेल्या आतषबाजीकडे तपास वळला. काळी दारू असो की विजेवरची कारंजी, छपराखाली ती नेऊन आपण अंतर शून्यावर आणतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं आठवीत असताना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न फुटलेलं गर्नाल उचललं होतं. अकरावीत तो माझ्याकडे आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. प्रयोगशाळेत तो ब्युरेट डाव्या हातानं इतक्या हलकेपणी फिरवायचा की मी इतरांना बघायला बोलावत असे. रात्रीच्या आतषबाजीनंतर पहाटे मैदान झाडून न फुटलेला माल पाण्यात बुडवायला समितीनं दोन माणसं ठेवली असती, तर पुरलं असतं.

येत्या ग्रामसभेसाठी मी आणि ताईनं मिळून तिच्या पंचायतीला एक अर्ज लिहिला आहे. तिच्या अक्षरात, कारण माझ्या अक्षराला तिनं नापास केलं. गावाच्या हद्दीत स्फोटकांचा परवाना असलेली कोठारं किती. प्रत्येकाची कमाल मर्यादा आणि मालाची जात कोणती. सुरक्षित अंतराचं वर्तुळ कोणकोणत्या सर्व्हे नंबरांवरून जातं, आणि त्या नंबरांवर गेल्या दहा वर्षांत बांधकामाचे किती दाखले दिले. आणि चौथा प्रश्न तिनं स्वतः घातला. आग लागली तर बंब घेऊन जी पोरं पहिल्यांदा येतील, त्यांच्या ठाण्यात यातला एक तरी कागद भिंतीवर लावलेला आहे का?